नायफेडिपिनने ७० टक्के घट की १५? डिशमधल्या न्यूरॉनवर औषध तपासताना

प्रश्न असा आला आहे. रॅटच्या १८ दिवसांच्या गर्भातून काढलेले हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मृतीच्या भागाचे) न्यूरॉन, डिशमध्ये १४ दिवस वाढवलेले. त्यांत फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग भरून ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड दिलं की कॅल्शियम उसळतं. आधी नायफेडिपिन हे रक्तदाबावरचं औषध १० मायक्रोमोलर दिलं तर ही उसळी ७० टक्क्यांनी खाली येते. त्याच बॅचच्या पेशींवर पॅच (पेशीला चिकटवायची बारीक काचेची पिपेट) लावून बेरियमचा करंट, म्हणजे विद्युतप्रवाह, मोजला, तेच नायफेडिपिन तेवढंच दिलं, तर घट जेमतेम १५ टक्के. आणि गॅबापेन्टिन १०० मायक्रोमोलर, दहा मिनिटं: दोन्हीकडे शून्य. पुस्तकात मात्र ते कॅल्शियम चॅनलवरचं, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या कॅल्शियमच्या दारावरचं, औषध म्हणून छापलेलं. विचारणाऱ्या विद्यार्थिनीला कळेना की यातला कोणता प्रयोग चुकला. गाईडचं मत, पॅच चुकला.

माझं मत, एकही चुकलेला नाही. तुम्ही पेशीला तीन वेगळे प्रश्न विचारलेत आणि तिने तीन वेगळी उत्तरं दिली. ‘या औषधाचा कॅल्शियम चॅनलवर परिणाम होतो का’ एवढंच विचारून भागत नाही. कोणता चॅनल, त्या क्षणी तो कोणत्या अवस्थेत होता आणि औषध किती वेळ पोटात होतं, हे तुम्ही ठरवलं नाहीत तर प्रयोगाची मांडणी ते परस्पर ठरवून टाकते. तुमच्याकडे तेच झालंय.

आधी चॅनल. हिप्पोकॅम्पसच्या एका न्यूरॉनवर एल, एन, पी/क्यू, आर आणि टी अशा प्रकारांच्या कॅल्शियम चॅनलांची सगळी मंडळी एकत्र नांदतात. पेशीबाहेर कॅल्शियम १ ते २ मिलिमोलर, आत शांत असताना साधारण १०० नॅनोमोलर. म्हणजे दहा हजार पटींहून जास्त फरक. दार किलकिलं झालं तरी आत लोंढा येतो. पण प्रत्येक दाराची जागा आणि काम वेगळं. एन आणि पी/क्यू मुख्यतः सायनॅप्सच्या (दोन न्यूरॉनमधल्या जोडाच्या) टोकाला बसतात, संदेशद्रव्य सोडायला. एल-टाइप पेशीच्या धडावर आणि डेन्ड्राइटच्या (पेशीच्या फांद्यांच्या) बुंध्याशी दाट असतात आणि त्यांच्यातून आलेलं कॅल्शियम केंद्रकापर्यंत निरोप पोचवतं. टी-टाइप थोड्याशा व्होल्टेजलाही उघडतात, आणि लगेच मिटतात. नायफेडिपिन, निमोडिपिन, इसराडिपिन ही डायहायड्रोपिरिडीन कुळातली औषधं यातल्या फक्त एल-टाइपला धरतात, आणि एकूण करंटमध्ये एल-टाइपचा वाटा थोडाच असतो. पॅचमधल्या १५ टक्क्यांचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे. नायफेडिपिन हे बूच नव्हे. ते चॅनलच्या तोंडात जाऊन बसत नाही, बाजूला चिकटून त्याला एका विशिष्ट अवस्थेत अडकवून ठेवतं. पेशी बराच वेळ उत्तेजित राहिली की चॅनल इनॅक्टिव्हेट होतो, म्हणजे दाराला आतून खीळ बसते. डायहायड्रोपिरिडीनचं प्रेम या खीळ बसलेल्या चॅनलवर. ब्रूस बीन यांनी १९८४ मध्ये हृदयाच्या पेशींवर नायट्रेन्डिपिन तपासलं तेव्हा शांत चॅनलला चिकटण्याची आणि इनॅक्टिव्हेट झालेल्या चॅनलला चिकटण्याची ताकद यांत सुमारे दोन हजार पटींचा फरक निघाला. औषध तेच, चॅनल तोच, फरक पडला तो आधीच्या व्होल्टेजने.

आता तुमचे दोन प्रयोग शेजारी ठेवा. पॅचमध्ये तुम्ही पेशी उणे ८० मिलिव्होल्टला धरलीत, दर १५ सेकंदांनी ५० मिलिसेकंद शून्यावर नेलीत आणि परत आणलीत. म्हणजे जवळजवळ सगळा वेळ चॅनल शांत. नायफेडिपिनला धरायला नीट हातच मिळाला नाही. इमेजिंगमध्ये, म्हणजे फ्युरा-२ च्या प्रयोगात, ५० मिलिमोलर पोटॅशियम ओतलंत. गणित करून पाहा: आत १४० मिलिमोलर धरलं तर पोटॅशियमचा समतोल उणे २६ मिलिव्होल्टच्या आसपास येतो, आणि पेशीही तिथेच जवळपास जाऊन बसते, मिलिसेकंदांसाठी नाही, तुम्ही धुवून काढेपर्यंत. या काळात एन आणि पी/क्यू यांचा बराचसा हिस्सा काही सेकंदांत मिटून जातो. चिवटपणे टिकतो तो एल, आणि नेमका तोच आता नायफेडिपिनला हवा तसा आहे. त्यात तुम्ही फ्युरा-२ चं माप घेतलंत धडावरून, जिथे एलची दाटी. सगळे फासे एकाच बाजूला पडले, मग ७० टक्के येणार नाही तर काय.

तुमच्या गाईडला हे पटवायचं असेल तर वाद घालू नका, एक साधा प्रयोग करा. त्याच पेशीवर होल्डिंग (पेशी धरून ठेवायचं व्होल्टेज) उणे ८० वरून उणे ५० ला आणा, मिनिटभर थांबा, करंट मोजा आणि मग नायफेडिपिन द्या. होल्डिंग बदलल्याने करंट आपोआप पडेल, म्हणून औषधाआधीचं माप उणे ५० वरच घ्यायचं. उरलेल्या करंटमधली टक्केवारी वाढलेली दिसेल. शेवटी बे के ८६४४ द्या, १ मायक्रोमोलर पुरे. हे नायफेडिपिनचंच भावंड, पण उलट वागणारं: एल-टाइप जास्त वेळ उघडा ठेवतं. स्टेप (व्होल्टेजची उडी) संपवून परत येताना करंटचं शेपूट लांबलेलं दिसलं की तुमच्या पेशीत एल आहे याची खात्री झाली.

याच जागेवर एक अवांतर. पाठीच्या कण्याजवळच्या संवेदी न्यूरॉनच्या कल्चरमध्ये एल, एन आणि टी अशी तीन प्रकारांची वर्गवारी लावणारा नोविकी, फॉक्स आणि रिचर्ड त्सिएन यांचा शोधनिबंध १९८५ चा. फ्युरा-२ जगापुढे आणणारा ग्रिन्केविच, पोएनी आणि रॉजर त्सिएन यांचा निबंधही १९८५ चाच. रिचर्ड आणि रॉजर सख्खे भाऊ. तुमच्या दोन प्रयोगांचं भांडण हे एका अर्थी घरातलंच म्हणायचं.

तरीही त्या १५ टक्क्यांवर मी आंधळा विश्वास ठेवणार नाही, त्याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही यंत्राजवळची.

पहिलं, प्रकाश. नायफेडिपिनची पूड पिवळी असते, ती उगाच नाही. ते प्रकाश शोषतं आणि त्यातच मोडतं. स्टॉक तपकिरी कुपीत ठेवता, फॉइल गुंडाळता, फ्रिजरमध्ये ठेवता, सगळं बरोबर. मग तेच औषध पारदर्शक सिरिंजमध्ये भरून खिडकीसमोरच्या स्टँडवर तासभर लटकवता. फ्युरा-२ वाल्यांनी तर आणखी सांभाळायला हवं, कारण ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे नायफेडिपिनला भट्टीच. ट्यूबिंगलाही फॉइल लावा, मायक्रोस्कोपचा दिवा गरजेपुरताच ठेवा, किंवा सरळ निमोडिपिन वापरा. तेही प्रकाशापासून जपावं लागतं, पण नायफेडिपिनइतकं नाजूक नाही.

दुसरं, पेशीचं वय. १४ दिवसांच्या न्यूरॉनला लांबलचक डेन्ड्राइट फुटलेले असतात. पिपेट धडावर, तुम्ही हुकूम देता शून्य मिलिव्होल्टचा, पण तो फांदीच्या टोकापर्यंत पोचतच नाही. करंटचा चढ उशिरा, खडबडीत आणि वाकडा येत असेल तर ती पेशी तुमच्या ताब्यात नाही असं समजा आणि सोडून द्या. मी करंट मोजायला चार ते सात दिवसांच्याच पेशी घेतो. त्याचा तोटा असा की त्या वयात चॅनलांचं मिश्रणही वेगळं असतं, म्हणून इमेजिंगही त्याच वयाच्या पेशींवर पुन्हा करावं लागतं. दोन्ही हवं म्हटलं तर जमत नाही.

तिसरं, रनडाउन, म्हणजे करंट आपोआप घटत जाणं. याने मला स्वतःला सहा महिने फसवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवखा होतो तेव्हा एका प्रयोगशाळेत एक नवं संयुग तपासत होतो. दिलं की करंट १८ ते २० टक्के पडायचा. दरवेळी. इतकी सुंदर पुनरावृत्ती की आम्ही पोस्टरचं शीर्षकही ठरवून ठेवलं होतं. एका शनिवारी स्टॉक संपला होता आणि पेशी मात्र छान होत्या, म्हणून नुसता डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव, दिला. १८ टक्के. मग काहीच न देता दहा मिनिटं थांबलो. तेवढेच. पिपेटमधलं एटीपी (पेशीचं इंधन) कितीतरी वेळा वितळवून पुन्हा गोठवलेलं होतं, आणि पेशीच्या आतलं खरं सामान पिपेटमध्ये विरघळून जात होतं. कॅल्शियम चॅनल अशा वेळी स्वतःहून मंदावतात. संयुगाने काहीच केलं नव्हतं. तेव्हापासून माझा शिरस्ता असा: आत ताजं एटीपी आणि जीटीपी, सील फोडल्यावर (पिपेट पेशीच्या आत उघडल्यावर) पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं, करंट एका पातळीवर टेकल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही, आणि धुवून काढल्यावर करंट परत वर आला नाही तर ती पेशी आकडेवारीत घ्यायची नाही. न धुतली जाणारी औषधं याला अपवाद, त्यांचं पुढे बोलतो.

बाकीची तयारी तुम्ही बरोबर केली आहे. बाहेर टीटीएक्स म्हणजे सोडियम बंद, टीईए आणि आत सीझियम म्हणजे पोटॅशियम बंद, आणि कॅल्शियमच्या जागी बेरियम. बेरियम एल-टाइपमधून जास्त सहज जातं आणि कॅल्शियममुळे लागणारी खीळ त्याने लागत नाही. पण लक्षात ठेवा, जी खीळ तुम्ही सोयीसाठी काढून टाकलीत, नायफेडिपिनला हव्या असलेल्या अवस्थेतही तिचा हातभार असतो. शेवटी २०० मायक्रोमोलर कॅडमियम देऊन जे उरेल ते गळती म्हणून वजा करायचं.

आता गॅबापेन्टिन. तुमच्या शून्याने मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. दहा मिनिटांत काही दिसलं असतं तरच मी चमकलो असतो.

हे औषध बनवलं गाबा या न्यूरॉनला शांत करणाऱ्या संदेशद्रव्याची नक्कल म्हणून. पण ते गाबाच्या रिसेप्टरला चिकटत नाही. मग चिकटतं कुठे, ते १९९६ मध्ये डुकराच्या मेंदूतून ते प्रथिन वेगळं काढल्यावर कळलं: कॅल्शियम चॅनलच्या अल्फा-२-डेल्टा या जोडप्रथिनाला. चॅनलचं भोक बनवणारा भाग अल्फा-१. अल्फा-२-डेल्टा हा त्याचा वाटाड्या. चॅनल पेशीच्या आत तयार होतो, त्याला पृष्ठभागावर आणून बसवण्यात याचा मोठा हात. गॅबापेन्टिन या वाटाड्याला पकडतं. पृष्ठभागावर आधीच बसलेल्या चॅनलला त्याने लगेच काही होत नाही. नवे येणं कमी होतं, जुने आपल्या गतीने आत जातात आणि पृष्ठभाग हळूहळू ओस पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ॲनेट डॉल्फिन यांच्या गटाने २००८ मध्ये हे नीट दाखवलं: औषध तात्पुरतं दिलं तर करंट तसाच, दीर्घ काळ ठेवलं तर कमी. आणि हा परिणाम खरोखर अल्फा-२-डेल्टामार्फतच होतो, याचा पुरावा प्राण्यांतून त्याआधीच, २००६ मध्ये आला होता. या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेल्या माइसमध्ये गॅबापेन्टिनच्या भावंडाचा, प्रिगॅबालिनचा, वेदनाशामक परिणाम नाहीसा झाला.

म्हणजे तुमचा प्रयोग दहा मिनिटांचा नाही, दीड-दोन दिवसांचा आहे. पण नुसतं जास्त वेळ ठेवून भागणार नाही, कारण तुमचं माध्यम आडवं येतं. न्यूरोबेसल या पेशी वाढवायच्या द्रवात ल्यूसिन सुमारे ०.८ मिलिमोलर असतं, आयसोल्यूसिनही तेवढंच. ही दोन्ही अमिनो आम्लं गॅबापेन्टिनच्याच जागेवर बसतात, आणि पेशीत शिरायला गॅबापेन्टिन ज्या वाहकाचा आधार घेतं त्याच वाहकावरून तीही जातात. गर्दीच्या लोकलमध्ये तुमचं १०० मायक्रोमोलर गॅबापेन्टिन दारात लटकतंय, अशी अवस्था. मात्रा वाढवून एक मिलिमोलरपर्यंत न्या, शेजारी नुसत्या माध्यमाची जोड कव्हरस्लिप (पेशी वाढवलेली काचेची चकती) ठेवा, आणि ४० तासांनंतर दोन गटांतल्या वेगवेगळ्या पेशींची तुलना करा. एकाच पेशीवर आधी-नंतर असं इथे करता येत नाही. म्हणून पेशींचा आकार निरनिराळा असतो हे लक्षात घेऊन करंटला कपॅसिटन्सने (पेशीच्या आकाराच्या विद्युत मापाने) भागायचं आणि पेशींची संख्याही जास्त घ्यायची. पाच-सहा पेशींवर निकाल लावू नका.

आणखी एक. तुमच्या डिशमध्ये ग्लिया, म्हणजे न्यूरॉनला आधार देणाऱ्या पेशी, किती आहेत? त्यांतले ॲस्ट्रोसाइट थ्रॉम्बोस्पॉन्डिन नावाचं प्रथिन सोडतात, ते याच अल्फा-२-डेल्टा-१ ला धरून नवे सायनॅप्स उभे करतं, आणि गॅबापेन्टिन त्यात अडथळा आणतं, असं २००९ मध्ये दिसलं. दोन दिवसांनी सायनॅप्स कमी दिसले तर तो चॅनलचा परिणाम की या दुसऱ्या रस्त्याचा, हे ग्लिया असलेल्या आणि नसलेल्या डिश वेगळ्या ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे गाठ पडेलच, अशा तिसऱ्या जातीच्या औषधांबद्दल. बॅक्लोफेन, मॉर्फिन, नॉरॲड्रिनॅलिन. ही चॅनलला हातच लावत नाहीत. आपापल्या रिसेप्टरवर बसतात, आत जी-प्रोटीन सुटतं, आणि त्याचा बीटा-गॅमा तुकडा जाऊन एन आणि पी/क्यू चॅनलला उघडायला नाखूश करतो. १९७८ मध्ये डनलॅप आणि फिशबाख यांनी कोंबडीच्या गर्भातल्या संवेदी न्यूरॉनच्या कल्चरमध्ये संदेशद्रव्यांमुळे ॲक्शन पोटेन्शियलचा कॅल्शियमचा भाग आखडतो हे पाहिलं होतं, तो हाच प्रकार. ओळखायची खूण सोपी. करंट नुसता लहान होत नाही, त्याचा चढही संथ होतो. मग टेस्ट स्टेपच्या आधी पेशीला क्षणभर अधिक ८० मिलिव्होल्टला नेऊन आणा. बीटा-गॅमा सुटतो आणि करंट बराचसा परत येतो. खऱ्या ब्लॉकरला असा झटका देऊन काही फरक पडत नाही. हा एक झटका न दिल्यामुळे ‘चॅनल ब्लॉकर’ म्हणून छापून आलेली संयुगं मी पाहिली आहेत.

आपल्याकडे ब्राह्मी, अश्वगंधा यांचे अर्क डिशवर ओतण्याची हौस मोठी आहे. हौसेला माझी ना नाही, पण अर्कात पोटॅशियम किती ते आधी मोजा, पीएच पाहा. पोटॅशियमनेच पेशी उणे ५० ला जाऊन बसली तर बरेच चॅनल आपोआप मिटतात, आणि श्रेय जातं ब्राह्मीला.

चॅनल एकेक करून वेगळे काढायचे असतील तर विषांना पर्याय नाही. शंखातल्या गोगलगायीचं ओमेगा-कोनोटॉक्सिन जीव्हीआयए एन-टाइपला धरतं आणि प्रयोगाच्या वेळेत सोडत नाही, म्हणून ते शेवटी द्या, आणि दिल्यावर ती कव्हरस्लिप बाद. दुसऱ्या एका शंखाच्या विषातलं एमव्हीआयआयए हेच झिकोनोटाइड. २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, असह्य वेदनांसाठी, पण ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातच सोडावं लागतं. पी/क्यूसाठी कोळ्याचं ओमेगा-ॲगाटॉक्सिन आयव्हीए. ते महागडं असतं आणि प्लॅस्टिकला चिकटतं. द्रावणात थोडं सायटोक्रोम सी घातलं नाही तर विष ट्यूबिंगला लागतं आणि पेशीपर्यंत येतं ते नुसतं पाणी. आर-टाइपसाठी टॅरंटुलाचं एसएनएक्स-४८२ पूर्वी बिनधास्त वापरत. २०१४ मध्ये ते पोटॅशियमच्या एका चॅनललाही बंद करतं असं निघालं, तेव्हापासून जपून. टी-टाइपवर एथोसक्सिमाइड (फिट्सवरचं औषध) तपासणार असाल तर थॅलॅमसच्या पेशी घ्या. १९८९ मध्ये कूल्टर, ह्युगेनार्ड आणि प्रिन्स यांनी ते तिथेच दाखवलं. रुग्णाच्या रक्तातच हे औषध काहीशे मायक्रोमोलर असतं, त्यामुळे डिशमध्येही तेवढं द्यायला संकोच नको.

नायफेडिपिनचं मात्र उलटं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात ते साधारण २५ ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, म्हणजे सुमारे ०.०७ ते ०.३ मायक्रोमोलर, आणि त्यातलंही नव्वद टक्क्यांहून जास्त प्रथिनांना बांधलेलं. तुमच्या डिशमध्ये सीरम नाही. तिथलं १० मायक्रोमोलर सगळंच्या सगळं मोकळं. या मात्रेला ते कॅल्शियम चॅनलशी संबंध नसलेल्या मार्गाने सायनॅप्समधून संदेशद्रव्य सुटणं वाढवतं, असा २००३ चा अनुभव आहे. तुमच्या थीसिसमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांबद्दल जे एक वाक्य आहे, ते काढून टाका.

दोन दिवसांच्या प्रयोगात नायफेडिपिनही ठेवणार असाल तर आधी पेशी जिवंत आहेत का ते मोजा. लहान मेंदूच्या ग्रॅन्यूल पेशी कल्चरमध्ये २५ मिलिमोलर पोटॅशियमवर जगतात, आणि त्यांना जगवणारं कॅल्शियम एल-टाइपमधूनच येतं. तिथे नायफेडिपिन घातलं की पेशी मरतात. हिप्पोकॅम्पसच्या पेशी अशा पटकन जात नाहीत, पण त्या जुळवून घेतात. एल-टाइप बराच काळ बंद ठेवला की सायनॅप्सची ताकद वाढवून भरपाई करतात. ४८ तासांनी तुम्ही मोजाल ते औषधाचा परिणाम नसून पेशीने त्यावर केलेली तजवीज असू शकते.

तेव्हा सोमवारी सुरुवात कराल ती अशी: नव्या बॅचच्या सहा दिवसांच्या पेशी, फॉइलमधलं निमोडिपिन १ मायक्रोमोलर, एकदा उणे ८० वरून आणि एकदा उणे ५० वरून, दोन्हीकडे व्हेइकल कंट्रोल (औषधाविना नुसतं द्रावण). त्याच संध्याकाळी दुसऱ्या आठ कव्हरस्लिपांपैकी चारांत गॅबापेन्टिन घालून इनक्युबेटरचं दार लावा आणि बुधवारी सकाळपर्यंत उघडू नका. कोणत्या चारांत घातलं ते मैत्रिणीला लिहून ठेवायला सांगा, तुम्ही पाहू नका. आणि कॅडमियमचं वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमवा. आमच्याकडे ती बाटली पॅच रिगच्या खाली असते, लाल झाकणाची.